तरंगता जिना: हौस मुलांची, गुडघे सासूबाईंचे

प्रश्न: कराडजवळ आमच्या बंगल्याचं काम चालू आहे. स्लॅब झाला, प्लास्टर बाकी आहे. मुलाला आणि सुनेला तरंगता जिना हवाय. भिंतीतून निघालेल्या सुट्या लाकडी फळ्या, मधे पोकळी, कठडा नाही. जिन्याची भिंत एएसी ब्लॉकची (हवेची छिद्रं असलेल्या हलक्या सिमेंट ब्लॉकची), चार इंची आहे. घरात दीड वर्षाची नात आहे, आणि सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. फॅब्रिकेटर म्हणतो, "बिनधास्त करा." करावा का?

उत्तर: ताई, तुम्ही सांगता तसा करू नका. कठड्याशिवाय तर मुळीच नाही.

आधी भिंतीचं बघू. तीन फुटी फळीच्या बाहेरच्या टोकावर माणूस उभा राहिला की सगळा ताण भिंतीतल्या मुळाशी येतो. फळी भिंतीतून उचकटू पाहते. एएसी ब्लॉक हलका आणि ठिसूळ असतो. त्यात नुसते अँकर ठोकून हा भार पेलणार नाही. फळ्या तरंगत्या दिसायला हव्याच असतील, तर भिंतीलगत लोखंडी तिरपा गर्डर घ्यावा लागेल, खाली-वर बीमला पक्का बांधलेला, आणि त्याला प्रत्येक पायरीचा बॉक्स वेल्ड केलेला. त्याचं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून सहीनिशी घ्या, फॅब्रिकेटरच्या अंदाजावर नको. प्लास्टर व्हायच्या आतच हे ठरवा.

आता पोकळी. 7 इंचांची चढ (एका पायरीची उंची) आणि 2 इंची फळी धरली तर मधे 5 इंच मोकळे राहतात. रांगणारं मूल त्यातून खाली घसरू शकतं. सासूबाईंच्या काठीचं टोकही नेमकं तिथेच जाणार. फळीखाली मागच्या बाजूने पट्टी मारून फट 3 इंचांवर आणता येते. पण तुमच्या घरात मी रायझर, म्हणजे दोन पायऱ्यांमधली उभी बाजू, पूर्ण बंदच करायला सांगेन.

कठडा दोन्ही बाजूंना हवा, भिंतीच्या बाजूलासुद्धा. दुखऱ्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरताना आधार जास्त लागतो, आणि उतरताना हात बदलतो. मुठीत मावेल असा दीड इंची गोल पाइप घ्या. नुसती काच लावली तर धरायला काही उरत नाही. गज उभे घ्या, फट 4 इंचांच्या आत. आडव्या पाइपांवर पाय देऊन मुलं शिडीसारखी वर चढतात.

मापांचं म्हणाल तर राष्ट्रीय इमारत संहितेत घरगुती जिन्याची चढ जास्तीत जास्त 190 मिमी आणि पाऊल (पाय टेकवायची रुंदी) कमीत कमी 250 मिमी आहे. तुम्ही याहून सोपा करा. स्लॅब ते स्लॅब साडेदहा फूट असेल तर 7 इंचांच्या बरोबर 18 चढी बसतात; पाऊल 11 इंचांचं ठेवा. दोन चढी आणि एक पाऊल मिळून 24-25 इंच व्हावेत, हा ब्लोंदेल या फ्रेंच वास्तुतज्ज्ञाने 17व्या शतकात मांडलेला हिशेब आजही पावलाला बरोबर बसतो. जागा असेल तर मधे लँडिंग काढा. वळणावर त्रिकोणी पायऱ्या नकोत, आतल्या कडेला पाऊल टेकतच नाही.

ऑर्डर देण्याआधी एक कराच. साइटवर विटा आणि प्लायच्या याच मापाच्या तीन पायऱ्या रचा, बाजूला बांबूचा भक्कम आधार बांधा आणि सासूबाईंना चढ-उतार करायला सांगा. मुलगा आणि सून दोघांनाही तेव्हा तिथे उभं करा. त्या अडखळल्या तर चढ सुमारे 6.6 इंचांवर आणा. तेवढ्याने एकच पायरी वाढते.