नर्सने बीपी १५२/९४ आल्यावर लगेच निदान न सांगता पुन्हा का मोजलं?
कारण एकाच रीडिंगवरून उच्च रक्तदाब ठरवत नाहीत, आणि पहिला आकडा बऱ्याचदा जास्तच येतो. जिना चढून येणं, तुंबलेली लघवी, लोंबता हात, मोजताना बोलणं, एवढंही पुरतं. दंडाला पट्टा लहान पडला तर आकडा हमखास फुगतो. जाड दंडाला मोठाच पट्टा मागून घ्या. म्हणून पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकवून, दंड छातीच्या पातळीला ठेवून मिनिटभराच्या अंतराने पुन्हा मोजतात आणि सरासरी धरतात. वेगवेगळ्या दिवशीही १४०/९० किंवा त्याहून जास्त राहिलं, तर बहुतेक डॉक्टर निदान पक्कं करतात. मात्र १८०/१२० च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, धाप किंवा अडखळतं बोलणं असेल, तर पुन्हा मोजत बसू नका, थेट इमर्जन्सीत जा.