लिफ्ट किट टाकायचं का? जिम्नी आणि जिप्सीवाल्यांचे प्रश्न

पावसाळा संपत आला की या सदरात लिफ्ट किटची, म्हणजे गाडी उंच करणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपच्या संचाची, पत्रं वाढतात. यावेळी त्यातली चार घेतलीत. पहिल्या दोघांना उत्तर लांब दिलंय कारण तिथेच लोकांचे पैसे जातात आणि गाडीही बिघडते.

प्रश्न : नमस्कार सर. माझ्याकडे पाच दरवाज्यांची जिम्नी आहे. गाव संगमेश्वर तालुक्यात, घरापर्यंतचा शेवटचा रस्ता जांभ्याचा, पाण्याने चर पडलेत आणि एका ठिकाणी उंचवटा असा आहे की पुढची चाकं पार होतात आणि मग गाडी पोटावर घासते. एक गॅरेजवाला म्हणतो ५० एमएमची लिफ्ट टाका, ग्राउंड क्लिअरन्स २१० चा सरळ २६० होईल. दुसरा म्हणतो नुसते स्पेसर (स्प्रिंगला लावायचे ठोकळे) टाकून देतो, स्वस्तात काम होईल. काय करू?

उत्तर : आधी तो २६० चा आकडा डोक्यातून काढून टाका. जिम्नीला पुढे आणि मागे दोन्हीकडे डावं-उजवं चाक जोडणारा अखंड अ‍ॅक्सल आहे आणि गाडीचा सगळ्यात खाली येणारा भाग म्हणजे त्या अ‍ॅक्सलवरचा डिफरन्शियलचा (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा) गोळा. तुम्ही स्प्रिंग बदलली की चेसिस वर जाते, बॉडी वर जाते, बंपर वर जातो, पण अ‍ॅक्सल चाकांवर बसलेला आहे तो जिथल्या तिथे राहतो. गोळ्याखालची उंची २१० होती ती २१० च. ती वाढवायची तर टायर मोठा लागतो, दुसरा रस्ताच नाही. तुमच्या गाडीला कंपनीचा टायर १९५/८० आर १५ आहे, त्याचा व्यास ६९३ एमएमच्या आसपास. २१५/७५ घातला तर व्यास साधारण १० वाढतो म्हणजे गोळ्याखाली जेमतेम ५ एमएम मिळतात. २३५/७५ घातला तर व्यास ४० ने वाढतो, खाली २० मिळतात, पण मग मूळची साडेपाच इंची रिम त्याला अरुंद पडते, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर घासतो का ते बघावं लागतं, स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०६ च्या जवळ असेल, आणि १०५ हॉर्सपॉवरच्या इंजिनाला ती जड चाकं घाटात जाणवतात.

मग लिफ्टचा उपयोग काय? उपयोग आहे आणि तुमच्या उंचवट्यासाठी नेमका तोच लागतो. पाच दरवाज्यांच्या जिम्नीचा व्हीलबेस २५९० एमएम, परदेशात मिळते त्या तीन दरवाजावालीचा २२५०. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर वाढलं म्हणून पोट लवकर टेकतं, त्यामुळे आपल्याकडच्या गाडीचा ब्रेकओव्हर अँगल (पोट न टेकता उंचवटा पार करायचा कोन) २४ डिग्री आहे आणि छोटीचा २८. पाचवालीला ५० एमएमची लिफ्ट टाकली की हिशोबाने हा अँगल साधारण २८ वर जातो. म्हणजे लांबीमुळे जे गेलं ते जवळपास परत मिळतं. पुढचा अँगलही (बंपर न टेकता चढायचा) वाढतो आणि शॉकअप लांब असतील तर चाक खड्ड्यात जास्त खाली उतरतं, जमीन सोडत नाही.

आता एक काम करा, याला पैसे लागत नाहीत. गाडी सपाट जागी लावा, टॉर्च घ्या आणि खाली झोपून ओरखडे बघा. ताजे ओरखडे डिफरन्शियलच्या गोळ्यावर असतील तर तुम्हाला लिफ्टची गरज नाही, टायरची आहे, किंवा चाक दगडावर घेऊन चालवायची सवय. ओरखडे मधे, ट्रान्सफर केसखालच्या (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याखालच्या) आडव्या पट्टीवर किंवा चेसिसच्या कडेला असतील तर लिफ्टने फरक पडेल. तुम्ही लिहिलंय त्यावरून ते मधेच सापडतील असं वाटतं. तसं असेल तर ४० किंवा ५० घ्या, त्याच्यावर जाऊ नका. ७५ चं किट कोणी गळ्यात मारत असेल तर तिथून उठा, त्या उंचीला प्रॉपेलर शाफ्टच्या (चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) जोडांचे कोन वाढतात, थरथर सुरू होते, आणि गाडी जेमतेम १६४५ एमएम रुंद आहे, आंबा घाटातल्या वळणावर ती कशी झुकेल याचा विचार करा. घरची माणसं त्याच गाडीत बसतात.

स्पेसरचं म्हणाल तर मी सांगणार नाही. स्पेसरने गाडी उंच दिसते, पण शॉकअप तोच जुना, त्याची लांबी तेवढीच, मग चाक खाली उतरायची जागा उलट कमी होते आणि खड्ड्यात शॉकअप पूर्ण ताणला जाऊन ठक्क आवाज येतो. उंचवट्यावरून गेलात तरी चरात चाक हवेत राहणार. ओल्ड मॅन एमू, आयर्नमॅन, टफ डॉग अशा ऑस्ट्रेलियन कंपन्यांची जिम्नीसाठी स्प्रिंग आणि शॉकअपची जोडून किट असतात, आपल्याकडचीही आहेत. कुठलंही घ्या पण चार स्प्रिंग, चार शॉकअप एकत्र घ्या, आणि दुकानदाराला आधी विचारा की कॅस्टर करेक्शन (लिफ्टने बिघडलेला स्टिअरिंगचा कोन परत आणणं), अ‍ॅडजस्टेबल पॅनहार्ड रॉड (चेसिस बाजूला सरकू न देणारा दांडा), ब्रेक होजचे (ब्रेकच्या रबरी नळीचे) ब्रॅकेट आणि बंप स्टॉप (चाक वर आदळू न देणारं रबर) यातलं काय सोबत आहे आणि काय वेगळं घ्यावं लागेल. बजेट तेवढं नसेल तर थांबा, अर्धं किट टाकू नका.

प्रश्न : सर, नाशिकहून लिहितोय. जिम्नीला ५० एमएमची लिफ्ट केली, दिसायला मस्त झाली. पण हायवेला ऐंशीच्या पुढे गाडी लेनमध्ये तरंगल्यासारखी वाटते, सतत स्टिअरिंग धरून सुधारत राहावं लागतं, वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. सरळ चालताना स्टिअरिंग थोडं डावीकडे वाकडं असतं आणि अधूनमधून ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागतो. दोनदा अलाइनमेंट केलं, फरक नाही. गॅरेजवाला म्हणतो लिफ्ट केल्यावर असंच चालतं, सवय होईल.

उत्तर : अजिबात सवय करून घेऊ नका. असंच चालतं हे उत्तरच नाही, ब्रेक आणि स्टिअरिंगच्या बाबतीत तर नाहीच. तुमच्या गाडीला तीन वेगवेगळ्या गोष्टी झाल्यात आणि अलाइनमेंटच्या मशीनवर त्यातली एकही सुटत नाही, कारण अखंड अ‍ॅक्सलवर मशीनवाला फक्त टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती) बदलू शकतो, कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा पुढे-मागे कल) आणि कँबरला (चाकाचा आत-बाहेर कल) तिथे अ‍ॅडजस्टमेंटच नसते.

पहिलं, तरंगणं. पुढचा अ‍ॅक्सल दोन लांब आर्मवर चेसिसला टांगलेला आहे. चेसिस वर गेली की ते आर्म तिरके होतात आणि आपल्यासोबत अ‍ॅक्सललाही थोडं फिरवतात, त्यामुळे कॅस्टर कमी होतो. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ आणणारी गोष्ट म्हणजे हाच कॅस्टर. तो परत आणायला अ‍ॅक्सलजवळच्या टोकाला ऑफसेट बुश (मधलं भोक बाजूला असलेला रबरी जोड) बसवतात किंवा आर्मच वेगळे घालतात. तुमच्या बिलात हे दिसत नसेल तर टाकलेलं नाही असं समजा. मशीनवर कॅस्टर बदलत नसला तरी मोजता येतो, त्याचा छापील रिपोर्ट मागून घ्या, म्हणजे वाद घालायला लागणार नाही.

दुसरं, वाकडं स्टिअरिंग आणि ईएसपी. स्टिअरिंग बॉक्सच्या हातापासून चाकापर्यंत जाणारी ड्रॅग लिंक आता जास्त तिरकी झालीय, त्यामुळे चाकं सरळ असताना स्टिअरिंग सरळ राहत नाही. गाडीच्या कॉम्प्युटरला स्टिअरिंगच्या सेन्सरकडून कळतं की ड्रायव्हर वळवतोय, पण गाडी तर सरळ जातेय, म्हणून तो गोंधळून दिवा लावतो आणि एखाद्या वेळी नको तिथे ब्रेकही लावू शकतो. इथे काही जण स्टिअरिंगचं चाक उपसून एक दाता फिरवून बसवून देतात. तसं करू देऊ नका. दिसायला सरळ दिसेल पण स्टिअरिंग बॉक्सचा मध्य सरकलेलाच राहील. चाकं सरळ धरून ड्रॅग लिंकची लांबी बदलायची, मग टो, मग स्कॅनर लावून सेन्सरचा शून्य परत सेट करायचा. याच क्रमाने.

तिसरं तुम्ही लिहिलं नाहीये पण असणार. पॅनहार्ड रॉडचं एक टोक चेसिसला आणि एक अ‍ॅक्सलला असतं, त्यामुळे लिफ्ट झाली की बॉडी अ‍ॅक्सलच्या मानाने एका बाजूला सरकते. गवंड्याचा ओळंबा घ्या, चाकावरच्या कमानीच्या कडेवरून सोडा आणि दोरी टायरपासून किती लांब आहे ते डावीकडे उजवीकडे मोजा. पुढे एक माप, मागे एक माप. दोन-तीन एमएमचा फरक चालतो, दहा-बाराचा असेल तर अ‍ॅडजस्टेबल रॉड लागेल.

आणि गॅरेजमध्ये परत जाणारच आहात तर दोन गोष्टी समोर उभं राहून करून घ्या. एक म्हणजे आर्म आणि रॉडचे सगळे बोल्ट सैल करून गाडी चाकांवर जमिनीला उभी असताना आवळायला सांगा. हे काम बहुतेक ठिकाणी गाडी स्टँडवर आणि चाकं लोंबकळत असतानाच उरकलं जातं. बुशमधलं रबर आत बाहेर चिकटवलेलं असतं, लोंबत्या अवस्थेत आवळलं की गाडी खाली उतरताच ते पिळलं जातं आणि कायम पिळलेलंच राहतं, मग लवकरच फाटतं आणि दोष किटला जातो. आवळायचं ते टॉर्क रेंचने (आवळायचा जोर मोजणाऱ्या पान्याने), सर्व्हिस मॅन्युअलच्या आकड्याला, आणि पाचेकशे किलोमीटरनंतर परत एकदा तपासायचं. दुसरं म्हणजे चेसिस उचलून पुढची चाकं पूर्ण लोंबू द्या, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि ब्रेकच्या रबरी होजकडे बघा. ती ताणली जात असेल, पांढरट रेघ दिसत असेल तर गाडी तिथून हलवू नका, आधी ब्रॅकेट लावून होजला ढील द्या. हेडलाइटही खाली करून घ्या, पुढचं नाक वर गेलं की समोरच्याच्या डोळ्यात जातो.

प्रश्न : माझ्याकडे २०१० ची जिप्सी आहे, सस्पेन्शन पाट्यांचं. मित्राने लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला टांगणारी कडी) टाकून उंच केली, मीही करू का? की पाटे अ‍ॅक्सलच्या वर घ्यायचे?

उत्तर : शॅकलने करू नका. ५० एमएम लांब शॅकल टाकली तर गाडी २५ च उचलते, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं, आणि अ‍ॅक्सल फिरल्याने कॅस्टर बिघडतो तो वेगळाच. पाटे अ‍ॅक्सलखालून काढून वर बसवणं हे फार मोठं काम आहे, गाडी एकदम पाच इंचांच्या आसपास उचलली जाते, स्टिअरिंगची लिंक, शाफ्ट, ब्रेक होज सगळं नव्याने बसवावं लागतं आणि एक्सलरेटर दाबला की पाटे पिळतात. शर्यतीच्या गाडीला ठीक, रोजच्या गाडीला नाही. पंधरा वर्षांच्या गाडीचे पाटे बहुतेक बसलेले असतात, आधी तेच नवीन कमानीचे आणि बुशसकट बदला, तेवढ्याने गाडी किती वर येते ते बघा. अनेकांना त्यापुढे काही लागतच नाही.

प्रश्न : लिफ्ट कायदेशीर आहे का? आरटीओ पकडतो का? इन्शुरन्सचं काय?

उत्तर : सरळ सांगतो, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच ठाम सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ए नव्याने लिहिलं गेलं, त्यात मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. रस्त्यावर हजार गाड्या उंच केलेल्या दिसतात म्हणून ते चालतं असं नाही. सोबत लोखंडी बुलबार लावायचा विचार असेल तर त्यावर २०१७ च्या डिसेंबरपासून केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने राज्यांना कारवाई करायला सांगितलेलंच आहे.

मला जास्त काळजी इन्शुरन्सची वाटते. दंड भरून सुटता येतं, पण अपघात झाला आणि सर्व्हेअरने रिपोर्टमध्ये सस्पेन्शन बदललेलं लिहिलं तर क्लेम अडकतो, त्यात समोरचा जखमी असेल तर प्रकरण तुमच्या घरापर्यंत येतं. किट घ्यायच्या आधी विमा कंपनीला लेखी कळवा आणि उत्तर लेखीच घ्या, एजंटने फोनवर "काही होत नाही" म्हटलेलं धरू नका. वॉरंटीतली गाडी असेल तर सस्पेन्शन, स्टिअरिंग, शाफ्ट या भागांवरचा दावा नाकारला जाऊ शकतो हेही गृहीत धरा. मूळच्या स्प्रिंग आणि शॉकअप भंगारात देऊ नका, तेल लावून गोणीत बांधून ठेवा, गाडी विकताना किंवा पासिंगच्या वेळी परत बसवायला लागतील.

पुढच्या अंकात थारचे प्रश्न घेतो. तिचं पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र चाकांचं असल्याने वरचा बराचसा हिशोब तिला लागू पडत नाही, तेव्हा थारवाल्यांनी यावरून काही ठरवू नये.