पर्यावरण आणि आरोग्य या विषयात पीएच.डी. करायची आहे, सुरुवात कुठून करू?

एम.एस्सी. झाल्यावर पुढे काय, असं तुम्ही विचारलंय. आधी संस्था नको, प्रश्न शोधा. ‘प्रदूषण’ हा नुसता विषय झाला. चुलीपाशी दिवसभर हवा ओढून फिल्टरमधून सोडणारा पंप लावून ठेवला की त्यातला पांढराशुभ्र फिल्टर काळा पडतो. तोच धूर रोज ओढणाऱ्या बाईच्या फुप्फुसांचं काय होतं, हा प्रश्न! मग त्यावर काम करणारा मार्गदर्शक गाठा. नागपूरची नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था), अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था, भोपाळची २०१० मध्ये सुरू झालेली पर्यावरणीय आरोग्य संस्था आणि चेन्नईचं श्री रामचंद्र अभिमत विद्यापीठ इथे चौकशी करा. जेआरएफसाठी, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी, जीव तोडून अभ्यास करा. महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, घरी हात पसरावा लागत नाही. आणि संख्याशास्त्र आत्तापासूनच शिका. मनापासून सांगते, नमुने गोळा होतात, पण विश्लेषणाशी गाडी अडते.