किल्ली हरवलेल्या जुन्या पितळी कुलपाला धक्का न लावता नवी किल्ली करता येते का?

डिचोलीच्या वडिलोपार्जित घरातल्या पेटाऱ्याचे पितळी कुलूप बंद आहे, किल्ली हरवली आहे आणि कुलपावर ओरखडाही उमटू नये, असे आपण लिहिले आहे. अशी किल्ली बहुतेक वेळा करता येते. मात्र आधी कुलूप आतून मोकळे करावे लागते. गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत पितळ टिकते, पण आतल्या पोलादी स्प्रिंगा गंजतात आणि कोणी पूर्वी खोबरेल घातले असेल तर ते सुकून चिकट होते. अशा कुलपात मूळ किल्लीसुद्धा फिरणार नाही. म्हणून मागच्या लाकडाला डाग पडू नये यासाठी प्लास्टिक लावून भोकात थेंब थेंब रॉकेल सोडावे व दोन-तीन दिवस थांबावे.

मग बारीक टॉर्चने आत पाहावे. मध्यभागी खिळी असेल तर किल्लीची दांडी पोकळ हवी, आणि तिचे माप खिळीच्या जाडीवरून घ्यावे. आत पट्ट्या स्थिर आहेत, की तारेने उचलल्यावर स्प्रिंगवर परत येतात, हेही तपासावे. परत येत असतील तर ते लिव्हरचे कुलूप.

खरे काम काजळीचे आहे. मऊ पितळेची कोरी किल्ली मेणबत्तीवर काळी करावी, आत घालून अगदी हलक्या हाताने फिरवावी आणि सरळ बाहेर काढावी. जिथे ती अडली तिथे काजळी पुसली जाऊन चकचकीत रेघ दिसते. तेवढीच जागा बारीक कानसीने घासून पुन्हा काजळी धरावी. जोर मुळीच लावू नये, कारण मोडलेला तुकडा आत राहिला तर पुढचे सारेच अवघड होते. स्थिर पट्ट्यांच्या कुलपात थोडे जास्त घासले गेले तरी चालते. लिव्हरचे तसे नाही: इंग्रज कुलूपकार रॉबर्ट बॅरन यांनी १७७८ मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेपासून लिव्हर कमी उचलला तरी अडतो आणि जास्त उचलला तरी अडतो, त्यामुळे जास्त घासलेली किल्ली बाजूला ठेवून नवी घ्यावी लागते.

म्हापशात वा पणजीत कारागीर शोधताना हाताने कानस चालवणाराच शोधावा. नक्कल काढणाऱ्या यंत्राला मूळ किल्ली लागते. कुलपाचे भाग जोडणाऱ्या रिव्हेटना ड्रिल लावू देऊ नका.

कुलूप उघडल्यावर आत तेलाऐवजी ग्रॅफाइटची पूड घालावी आणि रोजच्या वापरासाठी पोलादी प्रत करून घ्यावी, कारण मऊ पितळेच्या पहिल्या किल्लीचे दाते लवकर झिजतात.