चाकं बाहेर सरकवायची तर: स्पेसर आणि स्टडबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझ्याकडे जुना व्हील हॉर्स गार्डन ट्रॅक्टर आहे, मागची चाकं ५ बोल्टची. आधी २३ बाय ८.५०-१२ चे टायर होते, आता २३ बाय १०.५०-१२ टाकलेत तर आतल्या बाजूने फेंडरला घासतायत, शिवाय पकडीसाठी टायरवर साखळी चढवायला जागाच उरली नाही. दोन्ही बाजूंना २-२ इंचाचे स्पेसर (चाकाच्या मागे घालून चाक बाहेर सरकवणारे तुकडे) टाकावेत आणि बोल्ट काढून स्टड (बिनडोक्याचे, कायम बसवलेले बोल्ट, ज्यांच्यावर नट आवळतात) बसवावेत असा विचार आहे. काय काय बघून घेऊ?

उत्तर: विचार चांगला आहे आणि हे काम घरी होण्यासारखं आहे, फक्त एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. चाक बोल्टवर लटकलेलं नसतं, बोल्ट किंवा नट आवळल्यावर चाकाचा पत्रा हबच्या (एक्सलच्या टोकाचा, चाक ज्याला आवळतात तो भाग) तोंडावर जो दाबून बसतो त्या दाबावर ते टिकतं. स्पेसर घातला की एका जोडाचे दोन जोड होतात, हब-स्पेसर आणि स्पेसर-चाक, आणि दोन्ही ठिकाणी तो दाब पूर्ण मिळायला हवा. पुढचं सगळं त्यासाठीच.

खरेदीच्या आधी माप. पाच भोकांच्या हबला समोरासमोर भोकं येत नाहीत, त्यामुळे टेप आडवी लावून माप मिळत नाही, शेजारच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत वर्नियरने घ्या आणि १.७०१ ने गुणा. हे पाचही भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचं माप. दोन भोकांतलं अंतर ६७.२ मिमी आलं तर वर्तुळ ११४.३ मिमीचं, म्हणजे साडेचार इंच, व्हील हॉर्सला आणि जुन्या कब कॅडेट ट्रॅक्टरला हेच सापडेल. बोल्ट बहुतेक साडेतीन सूत म्हणजे ७/१६ इंच, इंचाला २० आट्यांचा. पण इतक्या वर्षांत आधीच्या मालकांनी काय काय बदललं असेल ते कोणी सांगावं, म्हणून पिच गेज (आट्यांमधलं अंतर ओळखायचं दातेरी पातं) लावून खात्री करा आणि पाचही भोकं तपासा, एकच बघून चालणार नाही.

आता स्पेसर कुठला. एक नुसती चकती असते, भोकं पाडलेली, ती हब आणि चाकाच्या मध्ये जाते आणि लांब स्टड तिच्यातून आरपार बाहेर येतात. दुसरा जाड ठोकळा, तो आधी हबला आवळायचा आणि चाक त्याच्या स्वतःच्या स्टडवर बसवायचं. अर्ध्या इंचापर्यंत चकती ठीक आहे, २ इंचाला मात्र मी दुसराच घ्या म्हणेन कारण दोन इंच चकतीतून आलेला लांबलचक स्टड चाक जरा ढिलं झालं की वाकायला लागतो. ठोकळ्यावाल्यात एवढं बघा की हबला आवळायच्या बोल्टची डोकी किंवा नट ठोकळ्याच्या तोंडाच्या पूर्ण आत जातात, अर्धा मिमी जरी वर राहिलं तरी चाक त्याच्यावर टेकेल आणि तुम्हाला वाटेल घट्ट बसलं. आणि शंकूच्या डोक्याचा बोल्ट असेल तर ठोकळ्यातलं भोकसुद्धा त्याच शंकूचं हवं. वायसरची चळत लावून स्पेसर करायचा प्रकार अजिबात नको.

तुमच्या टायरचा हिशेब बघितला तर रुंदी ८.५० वरून १०.५० म्हणजे २ इंचांनी वाढली, म्हणजे आतल्या बाजूला साधारण एकच इंच आला. साखळीला जागा हवी म्हणून २ इंच समजू शकतो, पण साखळी नसती तर मी दीड इंचावर थांबलो असतो, कारण चाक जितकं बाहेर तितका एक्सलवर आणि बेअरिंगवर वाकवणारा जोर जास्त. एका मागच्या चाकावर १५० किलो भार धरला तर २ इंचाने साधारण ७५ न्यूटन मीटर जोर वाढतो, आणि हे नुसतं उभं असताना, खड्ड्यातून जाताना कितीतरी जास्त. पुढे लोडर लावायचा बेत असेल किंवा चाकाला वजनं असतील तर हे जास्तच मनावर घ्या.

म्हणून स्पेसरच्या आधी हब. या ट्रॅक्टरात हब एक्सलवर चावी (हब आणि एक्सलच्या खाचेत बसून दोन्ही एकत्र फिरवणारा धातूचा तुकडा) आणि सेट स्क्रूच्या जोरावर असतो. चाक उचलून दोन्ही हातांनी वर-खाली, आत-बाहेर हलवा आणि मग थोडं पुढे-मागे फिरवा. फिरवताना टकटक असा आवाज आला तर चावी किंवा तिची खाच झिजलीय, आणि तसा हब स्पेसर लावून चालवला तर खाच खात खात शेवटी हबच जातो. ते आधी दुरुस्त करा, स्पेसर पळून जात नाही.

चाक उचलण्याबद्दल थोडं जोरात सांगतो. बऱ्याच जणांना वाटतं पार्किंग ब्रेक लावला, गिअरमध्ये टाकला, आता कुठे जातोय. पण बऱ्याच गार्डन ट्रॅक्टरात ब्रेक गिअरबॉक्सवर असतो, डिफरन्शियलच्या (दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) आधी, त्यामुळे एक मागचं चाक हवेत गेलं की ते उलटं फिरून जमिनीवरच्या चाकाला मोकळं करतं आणि ट्रॅक्टर सरळ जॅकवरून घरंगळतो. पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडवणाचे ठोकळे, जमीन सपाट आणि कडक, आणि जॅकवर विसंबून न राहता एक्सलखाली स्टँड. यात काहीही गाळू नका.

स्टडचं म्हणाल तर जड चाक एका हाताने तोलून भोकं जुळवत बोल्ट शोधायचा त्रास वाचतो आणि हबचे आटे पुन्हा पुन्हा झिजत नाहीत, त्यामुळे माझा स्टडला पूर्ण पाठिंबा. ठोकळ्यावाला स्पेसर घेतलात तर चाकाच्या बाजूला स्टड आयतेच मिळतात, हबमध्ये वेगळे टाकायची गरज राहत नाही. तरी हबमध्ये टाकणार असाल तर आटे वायर ब्रशने आणि क्लीनरने कोरडे ठणठणीत करा, तेल राहिलं तर थ्रेडलॉकर (आटे चिकटवून धरणारा द्रव) धरत नाही, लाल म्हणजे जास्त ताकदीचा थ्रेडलॉकर लावा, दोन नट एकमेकांवर आवळून त्यांच्या आधाराने स्टड आत फिरवा आणि एक पूर्ण दिवस तसाच राहू द्या. आत किमान स्टडच्या जाडीइतके आटे धरले पाहिजेत, ७/१६ ला ११ मिमी म्हणजे जवळजवळ ९ फेरे. मागून स्टड बाहेर डोकावत नाही ना, ब्रेकला किंवा गिअरबॉक्सच्या अंगाला लागत नाही ना, हे हाताने हब पूर्ण फिरवून बघा. थ्रेडेड रॉड कापून स्टड करू नका, ती साधी कमी ताकदीची असते, इंची मापात किमान ग्रेड ५ आणि जमलं तर ग्रेड ८ घ्या.

आवळण्याआधी हबचं तोंड, स्पेसरची दोन्ही तोंडं आणि चाकाची आतली बाजू यावरचा गंज आणि रंगाचे थर काढा. जुन्या ट्रॅक्टरला लोक प्रेमाने जाड रंग मारतात आणि तोच रंग नंतर दबून पातळ झाला की नट ढिले पडतात. मग एक सोडून एक या क्रमाने, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने, आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला. आकडा कोरड्या आट्यांचा असेल तर आट्यांना तेल लावू नका, तेलकट आट्यांवर त्याच टॉर्कला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. तासभर काम केल्यावर पुन्हा तपासा, पहिल्या दिवसाच्या शेवटी पुन्हा. ठोकळ्यावाल्यात आतला जोड तपासायला चाक काढावं लागतं, कंटाळा येतो, तरी एकदा काढाच.

प्रश्न: हबमधल्या ५ पैकी २ भोकांचे आटे गेलेत. एम१२ चे (१२ मिमी जाडीचे) स्टड सहज मिळतायत, तर भोकं एम१२ ला टॅप करून टाकू का?

उत्तर: नका करू. ७/१६ म्हणजे बाहेरून ११.११ मिमी, आणि एम१२ दीड पिचच्या टॅपसाठी ड्रिल लागतं १०.५ मिमीचं, म्हणजे जुन्या आट्यांच्या खाचा भिंतीत तशाच राहतात आणि नवे आटे त्यांना कापत जातात. बघायला आटा झालेला दिसतो पण धरायला धातूच कमी. त्यापेक्षा अर्धा इंच २० आट्यांवर जा, त्याला ११.५ मिमीचं ड्रिल लागतं, जुने आटे पूर्ण साफ होतात आणि नवा आटा कोऱ्या धातूत पडतो. मग पाचही भोकं तशीच करा, दोन वेगळी तीन वेगळी असं ठेवू नका, आणि चाकाच्या किंवा स्पेसरच्या भोकांतून अर्ध्या इंचाचा स्टड जातो का ते आधी बघा. जात नसेल तर हेलिकॉइल (भोकात बसवायची, नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) टाकून ७/१६ च ठेवा. काहीही केलंत तरी हब काढून ड्रिल प्रेसवर करा, हातातल्या ड्रिलने भोक जरा तिरकं गेलं की नटाचा शंकू एकाच कडेवर बसतो.

प्रश्न: स्पेसरचा खर्च न करता चाकंच उलटी लावली तर? पसारा, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, वाढतोच की.

उत्तर: वाढतो, चाकाची बशी (मधला खोलगट पत्रा) खोल असेल तर चांगलाच वाढतो. दोन गोष्टी बघा. शंकूचे खळगे पुष्कळ चाकांना एकाच बाजूला असतात, उलट बाजूला नटाला नीट बसायला जागा नसेल तर हा उपाय सोडून द्या. दुसरं, शेतीच्या नक्षीचे टायर असतील तर डावं चाक उलटं करून उजवीकडे लावा आणि उजवं डावीकडे, नाहीतर नक्षी उलट्या दिशेने फिरेल. हवेचा वॉल्व्ह आतल्या बाजूला येईल, तो कशाला घासत नाही ना तेही बघा.

प्रश्न: उतारावर गवत कापतो, मागे स्पेसर लावले तर पुढेही लावायला हवेत का?

उत्तर: गरज नाही. पुढचा एक्सल मध्ये एका पिनवर डोलतो, तो अडणीला टेकेपर्यंत कलंडणं थोपवायचं काम मागची चाकंच करतात, त्यामुळे मागचा पसारा वाढवल्याचा फायदा लगेच मिळतो. शिवाय पुढची चाकं बऱ्याच मॉडेलांत नुसती स्पिंडलवर (पुढच्या चाकाचा दांडा) बुशिंगने फिरतात, तिथे बोल्टचा स्पेसर बसतच नाही.