घर मोठं झालं, मग घरात चिडचिड का वाढली?

"मॅडम, लालबागला एका खोलीत पाच माणसं राहायचो, तेव्हा कधी वाद नव्हते. आता बदलापूरला टू बीएचके घेतलंय, तर ही रोज चिडते." नवरा बोलत होता. बायको पर्सची चेन उघडझाप करत गप्प. घर लांब गेल्यावर अशी तक्रार घेऊन येणारी जोडपी मी बरीच पाहिली आहेत. त्यामुळे स्वभावाच्या गोष्टीत न शिरता दोघांना कोरा कागद दिला आणि कालचा दिवस लिहायला सांगितलं: कुठे गेलात, किती वेळ गेला.

नवऱ्याचा कागद सहा ओळींत संपला. रिक्षा, लोकल, ऑफिस, लोकल, जेवण, झोप. तिला पाठपोट लिहावं लागलं. डबे, दादरपर्यंत उभ्याने प्रवास, येताना स्टेशनबाहेर भाजी, मुलाला क्लासमधून आणणं, परत बाहेर पडून सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या. एका ओळीत तिने आधी ‘झोप’ लिहून खोडलं होतं आणि वर ‘इस्त्री’ लिहिलं होतं.

"पण तीन तास प्रवास मीही करतो," ते म्हणाले. खरंच आहे, बदलापूर ते सीएसएमटी 68 किलोमीटर आहे. मात्र गाडीतून उतरल्यावर ते घरी जातात, ती कामाला लागते. 2019च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात जातात, पुरुषांचे 97, असं दिसलं होतं.

लालबागला यातलं निम्मं तिच्याकडे नव्हतंच. भाजीवाला चाळीखाली, शाळा गल्लीपलीकडे, मुलावर शेजारच्या काकूंचं लक्ष. सासूबाई देवळात, दवाखान्यात एकट्या जायच्या. आता सातव्या मजल्यावरून उतरून रिक्षा शोधायची त्यांना धास्ती वाटते. चाळ आणि गल्ली मिळून जे सांभाळत होती, ते सगळं या एकटीच्या अंगावर आलं. ते कुणी ठरवलं नव्हतं, म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नाही. तिच्याही!

दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर ते बराच वेळ वाचत राहिले. क्लास आणि भाजी त्यांनी स्वतःकडे घेतली. गोळ्या आता महिन्याच्या एकदम येतात. ती येताना खिडकी मिळाली तर डुलकी काढते.

सासूबाईंचं मात्र अडलेलंच आहे. दवाखान्यासाठी अजून सूनच रजा टाकते. पुढच्या वेळी त्यांनाही घेऊन या म्हटलंय. एक कागद त्यांचाही लिहायचा आहे.