वाचकांचे प्रश्न : ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसची तपासणी करावी का?

प्रश्न : वय ४६, पुरुष. कंबर ९८ सेंमी, रक्तदाब १३४/८६, उपाशीपोटी साखर १०६, एकूण कोलेस्टेरॉल २०४, ट्रायग्लिसराइड २१०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १२६. डॉक्टरांनी मेटाबॉलिक सिंड्रोम सांगितला आहे. लॅबवाले ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस प्रोफाइल’ सुचवतात. त्यात ऑक्सिडाइज्ड एलडीएल, एमडीए (चरबीच्या ऑक्सिडेशनमधून तयार होणारा पदार्थ) आणि एचएस-सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) आहेत. करावं का? – एक वाचक, सांगली

उत्तर : एचएस-सीआरपी करायला हरकत नाही. बाकीच्या दोन्हींवर खर्च करू नका.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे ऑक्सिजनच्या अतिक्रियाशील रेणूंचा शरीरावर पडणारा ताण, खोटा आहे, असं नव्हे. पोटातली चरबी वाढली, साखर चढी राहिली की धमनीच्या अस्तरात ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू जास्त तयार होतात. धमनी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड ते संपवून टाकतात. अस्तराखाली शिरलेल्या एलडीएलचं तिथेच ऑक्सिडेशन होतं, पांढऱ्या पेशी ते गिळतात आणि चरबीचा थर साचू लागतो. पण हे सगळं घडतं धमनीच्या भिंतीत. दंडातून काढलेल्या रक्तात त्याची फार तर पुसट खूण मिळते.

ती खूणही भरवशाची नाही. एमडीए मोजायची जुनी, स्वस्त पद्धत एमडीएसोबत इतरही पदार्थ मोजते. शिवाय नमुना कलेक्शन सेंटरवर तासन्‌तास तसाच राहिला, तर नळीतल्या नळीतच चरबीचं ऑक्सिडेशन होऊन आकडा फुगतो. पद्धत बदलली की आकडा बदलतो, सर्वमान्य मर्यादा नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो वाढलेला निघाला तरी तुमच्या औषधात त्यामुळे काही बदल होणार नाही.

एचएस-सीआरपीचं तसं नाही. धमनीतल्या दाहाचा तो अंदाज देतो: लिटरला १ मिलिग्रॅमच्या खाली कमी धोका, १ ते ३ मध्यम, ३च्या वर जास्त. मात्र सर्दी, ताप, हिरड्यांची सूज, नुकतीच झालेली दुखापत यांनीही तो चढतो. म्हणून बरं असताना, दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा करा. १०च्या वर गेला तर आधी संसर्ग शोधायचा. त्या आकड्यावरून हृदयाचा धोका ठरवायचा नाही.

आता तुमच्याच रिपोर्टकडे नीट बघा. १२६ एलडीएल फार वाटत नाही, पण २०४मधून एचडीएलचे ३६ वजा केले की १६८ उरतात. हे नॉन-एचडीएल. धमनीत शिरू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल यात आलं. ते १३०च्या खाली हवं, धोका जास्त असेल तर त्याहूनही कमी. ट्रायग्लिसराइड चढे असले की एलडीएलचे कण बारीक आणि संख्येने जास्त होतात. बारीक कण भिंतीत जास्त वेळ अडकतात आणि त्यांचं ऑक्सिडेशनही लवकर होतं. कणांची संख्या कळायला अपो-बी (अशा प्रत्येक कणावर एकच असणारं प्रथिन) तपासा. पॅकेजचे पैसे तिथे घाला.

मेटाबॉलिक सिंड्रोमचे पाचही निकष (कंबर, रक्तदाब, साखर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल) तुम्हाला लागू आहेत, निदानाला तीनच पुरतात. तेव्हा औषधाचं डॉक्टरांशी आत्ताच बोला. वजन ५ ते १० टक्के उतरवा, गोड आणि दारू सोडा, आठवड्याला किमान १५० मिनिटं झपाझप चाला. तंबाखू असेल तर ती आधी सुटायला हवी. तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल पुन्हा करा.

प्रश्न : अँटिऑक्सिडंट म्हणून व्हिटॅमिन ई ४००ची कॅप्सूल रोज घेते. धमन्यांना फायदा होईल? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. ब्रिटनमधल्या २० हजारांहून जास्त लोकांच्या ‘हार्ट प्रोटेक्शन स्टडी’त ई, सी आणि बीटा-कॅरोटीन एकत्र देऊन पाहिलं, २००२मध्ये निष्कर्ष आले. रक्तातली व्हिटॅमिन्स वाढली, हार्ट अॅटॅक आणि पक्षाघात मात्र कमी झाले नाहीत. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ईच्या मोठ्या डोसने रक्तस्राव वाढू शकतो. शेंगदाणे, बदाम, पालेभाज्या जरूर खा.

प्रश्न : माझी पँट ३४ची, म्हणजे साधारण ८६ सेंमी. दवाखान्यात कंबर ९५ भरली. चूक कोणाची? – एक वाचक, नागपूर

उत्तर : दवाखान्यातलं माप बरोबर असणार. पोट सुटलं की पँट त्याच्याखाली बसते, त्यामुळे तिचा नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो. शर्ट वर करून उभे राहा. शेवटच्या बरगडीची खालची कड आणि कमरेच्या हाडाची वरची कड बोटाने चाचपा, दोन्हींच्या मधोमध टेप ठेवा. पाठीमागे टेप खाली घसरतो, तेव्हा आरशात बघून तो सरळ करा. श्वास नेहमीसारखा सोडल्यावर आकडा वाचा, पोट आत ओढू नका. भारतीय पुरुषांना मर्यादा ९० सेंमी, स्त्रियांना ८०.